परळचे रक्त आणि पेशीतला सांगावा

१९५२ सालच्या मे महिन्यात लंडनच्या 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय साप्ताहिकात जेमतेम दोन पानांचे एक टिपण प्रसिद्ध झाले. लेखकांत पहिली तीन नावे परळची होती : डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया. त्यांच्या हाती असे रक्त आले होते की ते ए नव्हते, बी नव्हते आणि ओसुद्धा नव्हते. ओ गटाचे रक्त सर्वांना चालते अशी तेव्हाची समजूत. पण ह्या माणसांच्या रक्तात ओ गटाचे रक्त मिसळले तरी त्याच्या गुठळ्या होत. ए आणि बी ह्या दोन्ही खुणा ज्या मूळ पदार्थावर चढवल्या जातात, तो 'एच' नावाचा पदार्थच त्यांच्या तांबड्या पेशींवर नव्हता. आज जगातल्या कोणत्याही मोठ्या रक्तपेढीत 'बॉम्बे गट' म्हटले की हेच रक्त समजतात. आपल्या भागात दहा हजारांत सुमारे एकाचे रक्त असे असते आणि त्याला केवळ आपल्याच गटाचे रक्त चालते.

नायगावाहून चालत जाण्याजोग्या अंतरावर, १९२६ साली उघडलेल्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आणि शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरात हे घडले, म्हणून अभिमान वाटणे साहजिक आहे. पण अभिमानापाशी थांबलो तर खरा प्रश्न हातून निसटतो. 'एच' पदार्थ ह्या माणसांत तयार का होत नाही? तो तयार करणारे हत्यार, म्हणजे एक विशिष्ट विकर, त्यांच्या शरीरात निकामी असते. विकर हे प्रथिन असते. मग प्रश्न असा उभा राहतो : अमुक प्रथिन बनव, इतके बनव, ह्या ठिकाणी बनव, असा हुकूम पेशीत कोण देतो, तो कारखान्यापर्यंत कसा पोचतो, आणि वाटेत तो बिघडला तर काय होते? १९५२ साली ह्याचे उत्तर परळात नव्हते, लंडनला नव्हते आणि पॅरिसलाही नव्हते. पुढच्या दहा वर्षांत ते कसे मिळाले, आणि ते आपल्या दारापर्यंत कसे आले, हा आजचा विषय आहे.

ज्या वस्तीत तीन पिढ्या गिरणीच्या भोंग्यावर उठल्या, त्या वस्तीत कारखाना म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. नक्षीदार कापड विणायचे तर नक्षी एका जागी आखली जाते आणि कापड दुसऱ्या जागी विणले जाते. जकार्डच्या साच्यावर मूळ चित्र कधीच नेत नाहीत. त्या चित्रावरून छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या तयार होतात. त्या पट्ट्या साच्यावर चढतात आणि साचा छिद्रे वाचीत विणत जातो. साचा तोच, पट्टी बदलली की कापड बदलते. गिरण्या गेल्या, पण हे एवढे ध्यानात ठेवले तर पुढचे सारे सोपे आहे. आपल्या पेशीत मूळ नक्षी डी.एन.ए.च्या रूपाने केंद्रकात जपलेली असते. विणकाम केंद्रकाबाहेर, रायबोसोम नावाच्या सूक्ष्म साच्यांवर चालते. आणि ह्या दोहोंमध्ये जी पट्टी जाते तिला संदेशवाहक आर.एन.ए. म्हणतात. मी तिला आपल्या साध्या भाषेत 'सांगावा' म्हणेन.

हा सांगावा असेल अशी शंका येण्याच्या पुष्कळ आधी त्याची सावली दिसली होती. १९४० च्या आगेमागे ब्रुसेल्सला ब्राशे आणि स्टॉकहोमला कास्पर्सन ह्या दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी एकच गोष्ट पाहिली : ज्या पेशी पुष्कळ प्रथिने तयार करतात, त्यांत आर.एन.ए. पुष्कळ असते. १९५३ साली डी.एन.ए.च्या दुहेरी गोफाची रचना उलगडली. १९५५ साली पॅलाडे ह्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पेशीद्रवातले बारीक कण दाखवले. तेच पुढे रायबोसोम म्हणून ओळखले जाऊ लागले. ह्या कणांत आर.एन.ए. भरपूर होते. तेव्हा विद्वानांनी सरळ हिशेब केला : एक जनुक, त्याचा एक कण, त्याचे एक प्रथिन. म्हणजे प्रत्येक साच्यात त्याची नक्षी कायमची कोरलेली! हिशेब नीटस होता, पण चुकीचा होता. १९५६ साली अमेरिकेत व्होल्किन आणि ॲस्ट्राकन ह्यांना विषाणूची लागण झालेल्या जंतूंत एक अल्पजीवी आर.एन.ए. सापडले. त्याच्या घटकांचे प्रमाण रायबोसोमच्या आर.एन.ए.शी न जुळता विषाणूच्या डी.एन.ए.शी जुळत होते. सांगावा प्रत्यक्ष हाती आला होता, पण तो सांगावा आहे हे त्या वेळी कुणी ओळखले नाही. वस्तू सापडणे आणि वस्तू ओळखणे ह्यांत कधीकधी चारपाच वर्षांचे अंतर पडते, ते असे.

ओळख पटवण्याचे काम पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सुरू झाले. झाकोब, मोनो आणि अमेरिकेहून आलेले पार्डी ह्यांनी एका जंतूतून दुसऱ्या जंतूत एक जनुक जाऊ दिले. दुसऱ्या जंतूत ते चालू स्थितीत नव्हते. नवे जनुक आत शिरल्यापासून दोनतीन मिनिटांत संबंधित विकर पूर्ण वेगाने तयार होऊ लागले. प्रत्येक जनुकाला आपला साचा नव्याने उभारावा लागत असता तर उत्पादन हळूहळू वाढत गेले असते. पुढे ते जनुकच नष्ट केल्यावर उत्पादनही लवकरच थांबले. ह्याचा अर्थ जनुक आणि साचा ह्यांच्यामध्ये काहीतरी झटकन तयार होणारे आणि झटकन मोडणारे आहे.

१९६० च्या १५ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या सुटीत, केंब्रिजला ब्रेनर ह्यांच्या खोलीवर काही मंडळी जमली. झाकोब ह्यांनी आपल्या प्रयोगाची हकीगत सांगितली, आणि ब्रेनर व क्रिक ह्यांना एकदम व्होल्किन-ॲस्ट्राकन ह्यांचे ते बेवारस आर.एन.ए. आठवले. दोन धागे जुळले. त्याच उन्हाळ्यात ब्रेनर आणि झाकोब कॅलिफोर्नियाला मेसेल्सन ह्यांच्याकडे गेले. जंतू जड समस्थानिकांवर वाढवायचे, म्हणजे त्यांचे जुने रायबोसोम वजनाने ओळखता येतील. मग त्यांना विषाणूची लागण करून हलक्या अन्नात ठेवायचे, आणि विषाणूचा नवा आर.एन.ए. जुन्या साच्यांवर बसतो की नव्यांवर, ते पाहायचे, अशी योजना होती. क्षारांच्या द्रावात फिरवले की रायबोसोम मोडून जात, आणि प्रयोग फसत चालला. मुक्काम संपत आला तेव्हा ब्रेनर ह्यांच्या ध्यानात आले की रायबोसोमना एकत्र धरणारे मॅग्नेशियम कमी पडते आहे. ते वाढवले आणि उत्तर मिळाले : नवा सांगावा जुन्याच साच्यांवर बसला होता. साचा सर्वांचा, पट्टी तेवढी ज्याची त्याची. १३ मे १९६१ च्या 'नेचर' साप्ताहिकात हा निबंध आणि वॉटसन, ग्रो प्रभृतींचा त्याच अर्थाचा दुसरा निबंध एकत्र प्रसिद्ध झाले. 'संदेशवाहक' हे नाव झाकोब आणि मोनो ह्यांनी दिले.

त्याच महिन्यात अमेरिकेत निरेनबर्ग आणि मातेई ह्यांनी एकाच अक्षराची कृत्रिम पट्टी तयार करून पेशींच्या अर्कात टाकली. त्यातून एकाच ॲमिनो आम्लाची माळ बाहेर पडली. सांगाव्याची लिपी वाचता येते हे त्यावरून सिद्ध झाले. अक्षरे चार, शब्द तीन-तीन अक्षरांचे, म्हणून शब्द एकंदर चौसष्ट. त्यांतले एकसष्ट ॲमिनो आम्लांचे आणि तीन 'थांब' असे सांगणारे. ह्या कामात हरगोविंद खुराना ह्यांचा वाटा फार मोठा होता. मुलतान जिल्ह्यातल्या एका खेड्यात जन्मलेल्या ह्या माणसाला १९४९ साली स्वतंत्र भारतात परतल्यावर योग्य जागा मिळाली नाही. १९६८ चे नोबेल पारितोषिक त्यांना अमेरिकेत मिळाले.

आता मुंबईकडे वळू. ओबैद सिद्दिकी हे अलीगढचे विद्यार्थी. ग्लासगो येथे पोंतेकोर्व्हो ह्यांच्याकडे अनुवंशशास्त्राचा अभ्यास करून ते अमेरिकेत गॅरेन ह्यांच्या प्रयोगशाळेत गेले. तेथे ते जंतूंतल्या एका विकराच्या जनुकातले दोष तपासू लागले. काही दोष असे होते की त्यांत विकर बिघडलेले मिळण्याऐवजी मुळीच मिळत नसे. तेच दोषी जनुक काही विशिष्ट जातींच्या जंतूंत घातले की विकर पुन्हा थोडेथोडे तयार होऊ लागे. १९६२ साली दोघांनी हे काम प्रसिद्ध केले. सांगाव्यात भलत्याच जागी विरामचिन्ह पडले तर साचा अर्ध्यातच थांबतो, हे ज्ञान ज्या थोड्या प्रयोगांवर उभे राहिले त्यांत हा एक होय. अशा दोषांना 'निरर्थक' हे नाव पडले. त्याच वर्षी होमी भाभांच्या निमंत्रणावरून सिद्दिकी मुंबईस आले आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. संदेशवाहकाचा शोध लागून तेव्हा वर्षच उलटले होते. म्हणजे ह्या विद्येत मुंबई मागून आली नाही. ती पहिल्या पंगतीत बसली.

पण जंतू आणि माणूस ह्यांत एक मोठा फरक आहे. जंतूला केंद्रक नाही. तेथे नक्षी आणि साचा एकाच खोलीत असतात; पट्टी पुरी तयार होण्याच्या आधीच तिचे एक टोक साच्यावर चढलेले असते. आपल्या पेशीत मात्र केंद्रकाभोवती दुहेरी आवरणाची भिंत आहे, आणि भिंतीला दारे आहेत. ही दारे १९५० साली कॅलन आणि टॉमलिन ह्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिली. दारातून वाटेल ते बाहेर सोडत नाहीत. सांगाव्याच्या पुढच्या टोकाला टोपी बसावी लागते, मागच्या टोकाला 'ए' अक्षराची लांब शेपटी जोडावी लागते. १९७७ साली शार्प आणि रॉबर्ट्स ह्यांच्या गटांनी आणखी एक अनपेक्षित गोष्ट दाखवली : मूळ पट्टीच्या मध्ये मध्ये निरुपयोगी तुकडे असतात, ते कापून उरलेले टोकाला टोक जोडल्याशिवाय सांगावा पुरा होत नाही. कातरकाम झाले की त्यावर काही प्रथिने बसतात. 'हा तयार आहे' अशी ती जणू मोहोर असते, आणि मोहोर पाहून वाहक प्रथिने त्याला दाराबाहेर नेतात.

बाहेर आल्यावरही प्रवास संपत नाही. १९८३ साली समुद्रातल्या एका साध्या प्राण्याच्या अंड्यात असे दिसले की विशिष्ट सांगावे अंड्याच्या विशिष्ट भागातच साठलेले असतात. १९८८ साली फळांवर घोंघावणाऱ्या चिलटाच्या अंड्यात 'बायकॉइड' नावाच्या जनुकाचा सांगावा पुढच्या टोकाला बांधून ठेवलेला आढळला. त्यावरून जे प्रथिन बनते ते डोके कोठे व्हायचे हे ठरवते. सांगावा चुकीच्या टोकाला गेला तर डोकेही चुकीच्या टोकाला! पेशीत सूक्ष्म नळ्यांचे रूळ असतात आणि त्यांवर कायनेसिन, डायनिन अशी मोटार-प्रथिने ओझी ओढीत चालतात. सांगावे त्यांच्या पाठीवर बसून जातात. आपल्या कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणारा मज्जातंतू ही एकाच पेशीची सुमारे मीटरभर लांब शेपटी आहे. त्या टोकाला लागणारी काही प्रथिने केंद्रकाजवळ बनवून तेथवर नेण्यापेक्षा सांगावा तेथे नेऊन जागेवर बनवणे सोयीचे, आणि पेशी तसेच करते. कुलाब्याच्याच संस्थेत पुढे ह्या मोटारींचे बळ मोजण्याचे काम झाले. अनेक डायनिन एकजुटीने मोठे ओझे कसे ओढतात, हे तेथील शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवले.

आता आपण परळच्या रक्ताकडे परत येऊ. १९५२ च्या त्या कोड्याचे उत्तर चार दशकांनी मिळाले. बहुतेक भारतीय कुटुंबांत 'एच' बनवणाऱ्या विकराच्या जनुकात एकच अक्षर बदललेले असते. प्रथिनाच्या माळेत २४२ व्या जागी ल्यूसिनऐवजी आर्जिनिन बसते आणि हत्यार निकामी होते. सांगावा निघाला, पोचला, वाचलाही गेला. फक्त एक शब्द चुकला. ह्या माणसांना एरवी आयुष्यात काही त्रास होत नाही. रक्त घ्यायची वेळ आली तरच धावाधाव होते.

दुसरा दोष इतका दयाळू नाही. त्याचे नाव थॅलसिमिया. रक्ताला तांबडेपणा देणारे हिमोग्लोबिन दोन प्रकारच्या माळांचे बनते. त्यांतली बीटा माळ १४६ ॲमिनो आम्लांची. थॅलसिमियात ही माळ वाईट बनत नाही, ती बनतच नाही किंवा फार कमी बनते. भारतात ह्या जनुकाचा जो दोष सर्वांत जास्त आढळतो तो कातरकामाचा आहे : पहिल्या निरुपयोगी तुकड्याच्या पाचव्या अक्षरात बदल झाल्यामुळे कात्री भलतीकडे चालते आणि नीट जोडलेले सांगावे फार थोडे बाहेर येतात. आपल्याकडे वारंवार आढळणाऱ्या दुसऱ्या एका दोषात पंधरावा शब्द बदलून तेथे 'थांब' ही खूण येते. चौदा मणी ओवले की माळ तुटते. जंतूंत जो 'निरर्थक' दोष सिद्दिकी आणि गॅरेन ह्यांनी अभ्यासला, तोच हा, मुलाच्या रक्तात. अशा चुकीच्या खुणेचे पुष्कळसे सांगावे पेशी स्वतःच तपासून नष्ट करते. ह्या दोषांचा शोध आणि निदान ज्या संस्थांत चालते त्यांत के.ई.एम.च्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था प्रमुख आहे. तिचा आरंभ १९५७ साली रक्तगटांच्या केंद्रातून झाला होता, म्हणजे बॉम्बे गटाच्याच परंपरेतून.

अशा मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. रक्तातून लोह येते, ते बाहेर पडत नाही, आणि साठत साठत हृदय व यकृत ह्यांना पोखरते. येथे पेशीची नियमनाची एक युक्ती पाहण्यासारखी आहे. लोह सुरक्षित बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाचे नाव फेरिटिन. त्याचा सांगावा पेशीत आधीच तयार असतो, पण लोह कमी असताना एक पहारेकरी प्रथिन त्या सांगाव्याच्या पुढच्या टोकावर बसून साच्याला तो वाचू देत नाही. लोह वाढले की पहारेकरी उठतो आणि विणकाम सुरू होते. नव्याने सांगावा लिहिण्याची वाट पाहावी लागत नाही. १९७६ पासूनच्या प्रयोगांत ह्याचे सूत्र हाती आले आणि १९८७ साली पहारेकऱ्याची नेमकी बैठक सापडली. थॅलसिमियाच्या मुलाची आई महिन्यामहिन्याने ज्या फेरिटिनच्या आकड्याकडे धास्तीने पाहते, त्या आकड्यामागे ही यंत्रणा उभी आहे. तांबड्या पेशीच्या बाल्यावस्थेतही असाच बंदोबस्त आहे. लोहयुक्त हीम कमी पडले तर ती पेशी प्रथिनांचे सारे साचेच मंद करते. कच्चा माल नाही तर माळा ओवून ढीग कशाला घालायचा? अगदी कसलेल्या मुकादमाचा हा हिशेब आहे.

कोविडच्या साथीत 'सांगाव्याची लस' हा शब्द घरोघरी पोचला आणि त्याबरोबर भीतीही पोचली की ही लस आपला वारसा बदलील. १८९७ च्या जानेवारीत हाफकिन ह्यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगावर घेतली तेव्हाही मुंबईत अशीच भीती होती, आणि ती उपदेशाने न जाता अनुभवाने व माहितीने गेली. आजची माहिती अशी : लशीतला सांगावा केंद्रकाच्या दारातून आत जाण्यासाठी बनवलेला नसतो, त्याचे काम बाहेरच्या साच्यांवर, आणि काम झाले की पेशी त्याला मोडून टाकते. हे अल्पजीवीपण १९६१ सालीच त्याचे लक्षण म्हणून नोंदले गेले होते. सांगाव्याची अक्षरे थोडी बदलली तर शरीर त्याला शत्रू समजत नाही, हे कारिको आणि वाइसमन ह्यांनी २००५ साली दाखवले. त्यांना नोबेल मिळाले ते २०२३ साली. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या अशाच जातीच्या लशीला २०२२ च्या जूनमध्ये आपल्या देशात मान्यता मिळाली.

मित्रहो, ह्या इतिहासातून आपल्या वस्तीने घ्यायचे ते काय? एकच व्यवहाराची गोष्ट सांगतो. भारतात शंभरांत तीन-चार माणसे बीटा थॅलसिमियाचे वाहक असतात. त्यांना स्वतःला आजार नसतो, म्हणून ठाऊकही नसते. वाहक आणि वाहक ह्यांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारांत एक. ती साधी रक्ततपासणी करून आधी कळू शकते, आणि दोघेही वाहक निघाले तर गर्भाची तपासणी तिसऱ्या महिन्यातच करता येते. पत्रिका पाहताना आपण ग्रहांची भांडणे तपासतो. रक्ताच्या एका सांगाव्यातली तीन अक्षरे तपासायला त्याहून कमी वेळ लागतो. ह्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. वाहक असणे हा कुणाचा अपराध नव्हे, आणि मुलीकडचा तर मुळीच नव्हे, कारण आजार होण्यास दोन्ही बाजूंचा दोष लागतो.

परळच्या डॉक्टरांनी १९५२ साली रक्ताच्या नळीत न जुळणारी गुठळी पाहिली आणि ती चूक म्हणून फेकून दिली नाही. पुढच्या साठसत्तर वर्षांत जगातल्या शेकडो लोकांनी त्या गुठळीमागचा हुकूम, हुकुमामागचा सांगावा आणि सांगाव्याची वाट शोधून काढली. ते ज्ञान आता पुन्हा त्याच आवारात, एका नळीभर रक्ताच्या तपासणीच्या रूपाने उभे आहे. तेथपर्यंत चालत जाणे एवढेच आता आपले काम राहिले आहे.